मावशी स्टेजवर पडली ती दुपार

बोईसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांचा एक हौशी नाट्यसंघ होता. नव्या नाटकात मुलगा मी होतो, पण आईच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी मी पालघरच्या बाजारात मासे विकणाऱ्या, शिरगावच्या मावशीला विचारलं. तिच्याकडून मी नेहमी बोंबील घ्यायचो. तिची हाक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. ती आधी हसली. मग म्हणाली, नवरा गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते, येईन.

तिला वाचता येत नव्हतं. माझी बायको वाक्यं म्हणून दाखवायची आणि ती मासे कापता कापता घोकायची. दिग्दर्शकाला शुद्ध भाषा हवी होती, म्हणून तिने ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’ केलं. घरी सून त्यावरून चिडवते, असं ती कौतुकाने सांगायची.

स्पर्धेतला प्रयोग पालघरलाच, भर दुपारी होता. दुसऱ्या अंकात आई घराच्या जोत्यावर उभी राहून परगावी निघालेल्या मुलाला अडवते. जोतं म्हणजे शेजारी शेजारी बांधलेली दोन उंच लाकडी खोकी. बोलता बोलता ती एक पाऊल मागे सरली, बांधलेली दोरी सुटली, खोकी फाकली आणि मावशी मधल्या फटीत कमरेपर्यंत गेली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आईचं कोसळणं असंच बसवलं असेल, असं त्यांना वाटलं. ती सावरेल म्हणून मीही माझं पुढचं वाक्य म्हणून टाकलं.

“पाय गेला माजा,” ती हळूच म्हणाली. “हात नको लावू.”

नाटकातली आई असं बोलत नव्हती. हे पहिल्या रांगेत कळलं आणि टाळ्या मागे मागे विरत गेल्या. कुणीतरी पडदा ओढला, तो अर्ध्यावर अडकला. लोकांच्या देखत आम्ही तिला एका फळीवर घेतलं आणि रिक्षात आडवं केलं. दवाखान्यात नर्सने आधी तिच्या तोंडावरचा रंग पुसला.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण तो पाय आखूड राहिला. डोक्यावर पाटी घेऊन चालणं संपलं. बाजारात तिच्या जागी सून बसू लागली. आमचा संघही त्यानंतर उभा राहिला नाही. दोघांची नोकरी गेली, ते गावाकडे परतले. उरलेले तालमीला येईनासे झाले.

मी अधूनमधून शिरगावला जायचो. ती ओटीवर बसून सुके बोंबील निवडत असायची. एकदा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, बसून करता येईल अशी भूमिका शोधू.

“बसल्यावर माजा आवाज निगत नाय,” ती म्हणाली. “आन तू आता येऊ नको. तू येऊन गेलास का सून दोन दिवस बोलत नाय माज्याशी.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी चहा न घेता उठलो.

त्यानंतर मी गेलो नाही. बाजारात सून दिसते. मी समोर उभा राहिलो तर ती मान खाली घालून मासे तोलते आणि पिशवी माझ्या हातात न देता पाटीच्या कडेला ठेवते. मावशी कशी आहे, हे विचारायचं मी दर वेळी ठरवतो आणि पिशवी उचलून स्टेशनकडे चालू लागतो.