कोल्ड स्टोरेजमधल्या फ्लॉप्या

मंडळी, आज सकाळी ऑफिसच्या ईमेलची जागा संपली. आमची नवी ऑपरेटर स्वाती म्हणाली, "सर, जुने मेल उडवू का?" आणि मला एकदम नानाभाऊ आठवले.

वीसेक वर्षांपूर्वी आळेफाट्याला द्राक्ष निर्यातीचं आमचं एवढंसं ऑफिस होतं, मागं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आणि वर नानाभाऊंचं घर. नानाभाऊ मालक, मी ऑपरेटर, कॉम्प्युटर एकच. परदेशी गिऱ्हाइकानं चार फोटो धाडले की मेलबॉक्स भरायचा आणि पुढचे मेल यायचे बंद व्हायचे. म्हणून रोज मेल फ्लॉपीवर उतरवून पेटी मोकळी करायची.

उन्हाळ्यात फ्लॉप्या बिघडायला लागल्या. नानाभाऊ म्हणाले, "द्राक्षं टिकत्यात, मग ह्या का नाय टिकायच्या? ठेवा कोल्डमधी!"

ठेवल्या. अन् नेमकं एक गिऱ्हाईक ठरलेल्या भावावरून फिरलं. त्याचा कबुलीचा मेल फ्लॉपीवर, आणि बाहेर काढताच फ्लॉपीला दव सुटलेलं! नानाभाऊंनी ती घरच्या गच्चीवर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या कुरडयांशेजारी वाळत घातली आणि दिवसभर कावळे हाकत बसले. संध्याकाळी ऑफिसात मेल उघडला तेव्हा जिन्यातून वर काकूंना ओरडले, "निघाला राव, निघाला!"

पुढं कित्येक वर्षं आम्ही त्यांना त्या कोल्डवरून चिडवलं. आता नानाभाऊ नाहीत.

आज स्वातीनं जुने मेल कंपनीच्या सर्व्हरवर हलवले. मी विचारलं, "हे सर्व्हर असतात तरी कुठं?"

"मोठमोठ्या खोल्यांत, सर. बिघडू नयेत म्हणून चोवीस तास थंड ठेवतात."

मला हसूच फुटलं. नानाभाऊ आज काय म्हणाले असते, सांगा बरं?