कनौजच्या मातीचा फाया

पेंडल हिलच्या दुकानात कुणीतरी अत्तराची कुपी उघडली आणि मी वेरिबीतल्या आमच्या भाड्याच्या घरात पोचलो. तेव्हा आम्ही परदेशात शिकायला आलेले विद्यार्थी होतो. माझा रूममेट रिझवान कनौजचा. त्यांच्याकडे भाजलेल्या मातीचंही अत्तर काढतात. बाहेर पडताना त्याचा फाया तो कानात खोचायचा.

स्टेशनवर पोरांनी त्याला ‘इंडियन’ म्हणून मारलं, त्या संध्याकाळी तो फाया रक्ताने भिजलेला होता. तरी घरभर ओल्या मातीचा वास.

“उद्या मोर्चात ये, बोल सगळं!” हातातली हल्ल्यांविरुद्धची पत्रकं आपटत मी ओरडलो.

“भाई, टीव्ही पे अम्मी देख लेंगी. वापस बुला लेंगी.”

तेव्हा तो मला भित्रा वाटला. पण मोर्चात आम्ही शेकडो होतो. तो मात्र कानात नवा फाया खोचून, त्याच स्टेशनवरून, एकटा शिफ्टला गेला होता.