अजमानमधली भांगलण

दोन वर्षं साइटवर सळ्या वाहिल्यावर मला दुबईशेजारच्या अजमानमध्ये एका बंगल्याच्या बागेत काम मिळालं आणि मी स्वतःला राजा समजायला लागलो. सावली होती, पाणी होतं, माती होती. मातीतलं मला कोण शिकवणार? सातारा जिल्ह्यातला, नांगर धरलेला गडी मी.

भिंतीलगत मी आणि बरोबरच्या दोघा गड्यांनी पिटुनियाच्या रोपांचा लांबलचक पट्टा लावला. आठवड्याभरात फुलांच्या आधी तणच उगवलं. घोळ, लव्हाळा आणि नाव माहीत नसलेलं बरंच काही. औषध मारावं तर रोपंही जातील. त्यात काय, असं म्हणून मी फावड्यानं मधली माती वीतभर उलथून टाकली. हात दाखवून अवलक्षण! पाचव्या दिवशी दुप्पट तण.

फोरमननं ते बघितलं. "आठ दिन में साफ नहीं हुआ तो खलास, तुम वापस साइट." उन्हातल्या त्या सळ्या मला पुन्हा नको होत्या.

खरं सांगायचं तर तण काढायचं काम मी जन्मात केलं नव्हतं. आमच्याकडे त्याला भांगलण म्हणतात आणि ती बायकांनी करायची. पुरुषानं बांधावर उभं राहून "आवरा लवकर" म्हणायचं. मीही तेच म्हणत आलो होतो. बरोबरचे दोघे, एक बीडचा आणि एक दापोलीचा, त्यांचीही तीच गत. शेवटी लाज गिळून बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि पट्टा दाखवला.

"आवं, भांगलण हाय ती, नांगरट न्हवं!" ती ओरडलीच. "खालची माती वर काढली की खालचं बियाणं बी वर येतंय. खुरपं वरवर चालवायचं. आन् उपटलेली घोळ तिथंच टाकू नगा, परत मूळ धरतीया."

खुरपं कुठलं आणायचं? दापोलीकरानं गवंड्याच्या थाप्या घासून धार काढली. फोन बादलीवर टेकवला आणि तीन बाप्ये एकेक पात, म्हणजे आपापली ओळ, धरून उकिडवे बसलो. पंधरा मिनिटांत गुडघे बोलायला लागले.

"बीडचं भावजी मागं पडलं बघा," फोनमधून आवाज आला. "आवरा लवकर!"

आम्ही हसून हसून वाळूत बसलो. पुढं रोज सकाळी शेतावर निघायच्या आधी तीच फोन करायची. कोंब दोन पानांवर असतानाच काढायचा, हे तिनं आमच्या डोक्यात घट्ट बसवलं. एरवी आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "पोरं बरी आहेत" एवढ्यात संपायचं. आता ती बोलत राहायची आणि मला फोन ठेवू नये असं वाटायचं.

आठव्या दिवशी फोरमन पट्ट्यावरून दोनदा फिरला. जांभळी फुलं उघडली होती, मधली माती साफ. "किसने सिखाया?"

"बीवी ने," मी म्हणालो.

"उसको शाबाशी बोलो. तुम इधर ही रहेगा."

दुपारी तिला ते सांगितलं. "लगीन झाल्यापास्नं भांगलतीया," म्हणाली, "पर ह्या कामाला शाबाशी कुणी दिली न्हवती."

मीही दिली नव्हती. मग दिली, दोघा भावजींसमोर, मोठ्यानं.