हार्ड डिस्कवरचं कानबाईचं गाणं

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिबडे, उन्हाळ्यात वाळवतात ते ज्वारीचे पापड. जळगावात पिंप्राळ्याला आमचं घर. गच्चीवर तिनं जुनं लुगडं ओलं करून पसरलं. ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याचं पातेलं मी वर नेलं, ती हातानं थापत गेली. "संध्याकायले लुगडावरथून काढी ल्या, इसरू नका," म्हणाली. दुपारी जेवून आडवी झाली... ती उठलीच नाही.

भूतबित मी मानत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म गेला, मशिन तेवढं मानतो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. पण घडलं ते असं.

तिचा आवाज एकाच जागी उरला होता — माझ्या मोबाईलमध्ये. मागल्या श्रावणात कानबाई देवीचं गाणं म्हणताना लेकीनं रेकॉर्ड केलं होतं. आता मोबाईल आपोआप बंद पडायला लागला. तो गेला म्हणजे ती दुसऱ्यांदा गेली. म्हणून सलीमभाईच्या दुकानात गेलो. मोबाईल दुरुस्त करतो, जुनी ओळख.

त्यानं एक काळी चपटी डबी काढली. हार्ड डिस्क म्हणे. गाणं तिच्यात उतरवलं. पत्त्यांच्या कॅटाएवढी, शर्टाच्या खिशात मावते. वायर मात्र वीतभरच.

"रोजच्या वापराला टिकेल का?"

"नाना, हे म्हशीसारखं आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावर घेऊ नका. घरी न्या, दूध काढून बघा."

"अन् लाथ मारली तर?"

"ही मारत नाही, पडते. पडली की संपली, तेवढं जपा." मग समजावून सांगितलं, "गाणं आधी मोबाईलवर ऐका, मग ही टीव्हीला लावून ऐका. पार शेवटपर्यंत. शेवट जुळला म्हणजे कॉपी बरोबर."

घरी आलो. मोबाईलवर ऐकलं. शेवटी ती हसते, लेकीला म्हणते, "बंद कर वं आते." आते म्हणजे आता. तिथं संपतं.

मग डबी टीव्हीला लावली. वायर आखूड, डबी लोंबकळायला लागली, म्हणून हातातच धरून बसलो. तेच गाणं, तेच हसणं, "बंद कर वं आते." पडद्यावरची पट्टी शेवटाला टेकली. मी उठणार, तेवढ्यात हातातली डबी थरथरली अन् तिचा आवाज आला. गाण्यातला नाही, जिन्यावरून हाक मारायची तसा —

"बिबडा काढात का लुगडावरथून?"

परत लावलं... काही नाही. हसण्यावरच संपलं. किती वेळा लावलं, नाहीच.

डबी घेऊन सलीमभाईकडे गेलो. त्यानं कानाला लावून ऐकलं. चेष्टा केली नाही. म्हणाला, "नाना, मशिन बिघडलं तर कमी देतं. जास्तीचं देत नाही." अन् गाणं श्रावणातलं. श्रावणात बिबडे कोण करतं?

संध्याकाळी धुळ्याला लेकीला फोन केला. "बिबडे तू नेले ना?"

"नाही आबा. मला वाटलं, तुम्ही डब्यात भरले."

ती गेली त्या गडबडीत कोणी उचलले, कुठं ठेवले, कोणालाच माहीत नव्हतं. मला तर आठवणही नव्हती.

डिस्क चांगली का वाईट, मला विचारू नका. गाणं राहिलं, एवढं खरं. रोज शेवटपर्यंत ऐकतो. ते बोलणं परत आलं नाही.

फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर धुंडाळलं. ज्वारीच्या कोठीमागं लुगड्याची सैल वळकटी सापडली. बिबडे तसेच चिकटलेले, वाळून कडक. गच्चीवर नेलं, लुगडं पालथं पसरलं, ती करायची तसा मागून पाण्याचा हात फिरवला. पहिला फाटला. दुसराही फाटला. मग जरा दम धरला, पाणी मुरू दिलं.

तिसरा अख्खा निघाला. तो उलटा करून उन्हात ठेवला अन् तिच्या हाकेला ओ दिली, "काढस वं, काढस."