यामिनीची आत्या

विभाताई रशियाला निघाली होती आणि तिने आयुष्यात एकही रशियन कादंबरी वाचलेली नव्हती.

मी वाचल्या होत्या. एम. ए. करत असताना पुण्यात रद्दीच्या दुकानांतून जाड पुठ्ठ्याची, मराठीत भाषांतर केलेली रशियन पुस्तकं मिळायची. मी ती किलोने आणली. बर्फ, समोवार, ओसाड स्टेशनांत थांबलेल्या आगगाड्या, तीन-तीन नावांची माणसं, सगळं मला पाठ होतं. विभाताई सांगलीची, बी. कॉम. ती वाचायची ते औषधाच्या बाटलीवरचं. आणि चालली होती ती. सहा वर्षांचा निषाद, चार वर्षांची रेवा आणि पोटातलं तिसरं घेऊन. मी मागे टोकियोतल्या निशी-कसाईत राहणार होते, शिरीषचा डबा भरत.

ही २००६ सालची गोष्ट. तिचा नवरा अनुराग एका जपानी इंजिनिअरिंग कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी साखालिनला पाठवायचं ठरवलं. साखालिन हे जपानच्या उत्तर टोकापलीकडचं रशियन बेट. तिथे गॅसचा मोठा प्रकल्प चालू होता. ऑफिसातल्या लोकांनी गृहीत धरलं की अनुराग-सान एकटे जाणार, कारण त्यांच्याकडे बाप एकटेच जातात. आमच्या इथल्या मराठी बायकांनी गृहीत धरलं की विभाताई मुलं घेऊन सांगलीला जाणार. स्वप्ना आमच्यात वयाने मोठी. तिने सरळच विचारलं, की उणे वीसमध्ये ओलं बाळ घेऊन तू करणार काय?

विभाताई म्हणाली, "तिथल्या बायका करतात तेच."

मी तेव्हा पंचवीस वर्षांची. वर्षभरापूर्वी आले होते. शिरीष सकाळी मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत शिरायचा आणि रात्री जेवण झाकून ठेवल्यावर परतायचा. विभाताईने मला हाताला धरून दुकानात नेलं, पाकिटाच्या रंगावरून कणीक कोणती आणि मैदा कोणता ते दाखवलं, कचऱ्याचे वार पाठ करून घेतले. मी तिला ताई म्हणायला लागले. मुलं मला मावशी म्हणायला लागली. मावशी हा शब्द मराठी, पुढचं सगळं वाक्य जपानी.

बाळंतपणाला तिची आई येणार होती. ऐन वेळी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मग मी उभी राहिले. अळिवाचे लाडू मी वळले. बाळंतशेपा मी भाजल्या. धुराने छतावरची घंटा वाजेल म्हणून शेगडी करता येईना, तर मी गरम पाण्याच्या पिशव्यांनी तिची कमर शेकली. तिची आई, म्हणजे काकू, सांगलीहून फोनवर सांगत आणि मी बाळाला तेल लावत असे. मुलीचं नावसुद्धा मी सुचवलं. यामिनी. विभाताईला ते एकदम आवडलं. मला वाटलं, आता एवढंच राहिलं.

एवढंच म्हणजे बारसं. अनुरागला बहीण नव्हती. निषादच्या आणि रेवाच्या कानात सांगलीच्या चुलत बहिणींनी नाव सांगितलं होतं. इथे कोण? मी धरूनच चालले होते. आत्याने आणायची कुंची मी माझ्या लग्नातल्या शेल्याच्या तुकड्याची हातानं शिवली होती. ती कपाटात होती. विभाताई रशियाला जावो की चंद्रावर, तिच्या मुलीच्या कानात पहिलं नाव मी सांगितलेलं असेल, मग मला कोणी बाहेरची म्हणू शकणार नाही, असं माझं गणित होतं.

मी बाळाची दुपटी घडी करत होते तेव्हा ती म्हणाली, "वृंदे, आत्या म्हणून मी सेकिगुचीबाईंना सांगितलंय."

सेकिगुचीबाई तिच्या खालच्या घरात राहत. अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या, जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. विभाताई इथे राहायला आली त्या महिन्यात त्या मिठाईचा खोका घेऊन वर आल्या आणि वाकून म्हणाल्या, की तुमची मुलं फार उत्साही आहेत. जपानीत याचा अर्थ, माझ्या डोक्यावर नाचणं थांबवा. विभाताईला ते कौतुक वाटलं. तिने आभार मानले आणि पुरणपोळ्या दिल्या. सेकिगुचीबाई तीनदा तक्रार करून गेल्या आणि तीनदा पुरणपोळ्या घेऊन गेल्या. चौथ्यांदा त्या पुरणपोळीसाठीच आल्या.

मग मुलं शाळेतून परस्पर त्यांच्याकडे उतरू लागली. मला ते आवडत नसे. मी विभाताईकडे त्यांच्यासाठी थालीपीठ लावून वाट बघत बसायची, आणि रेवा ओठांना गोड शेंगदाण्याचा भुगा लावून वर यायची.

साखालिनचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा मी तिथे होते. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, की कोणतं गाव? अनुरागने युझ्नो-साखालिन्स्क सांगितलं. बाई म्हणाल्या, त्याचं तेव्हाचं नाव तोयोहारा. मी तिथली.

बेटाचा दक्षिणेचा भाग युद्ध संपेपर्यंत जपानचा होता. बाईंचे वडील कागदाच्या गिरणीत होते. ते तिथेच वारले. नऊ वर्षांच्या असताना आई त्यांना बोटीत घालून घेऊन आली. घर राहिलं, गिरणी राहिली, वडिलांची राख कुठल्याशा देवळात राहिली. मी हे ऐकून थक्क झाले. विभाताईच्या खालच्याच मजल्यावर एवढी मोठी कादंबरी राहत होती आणि मी तिला शेंगदाण्याच्या भुग्यावरून दूषणं देत होते. पण थक्क होणं वेगळं आणि मन मोठं होणं वेगळं. मला पहिला विचार आला तो असा, की हिचासुद्धा रशिया आहे. फक्त माझा नाही.

निषादने बाईंना जपानीत विचारलं, की मग तू परत कधी गेली नाहीस का?

"कोणाकडे जाऊ?" त्या म्हणाल्या.

एवढंच. पण विभाताईने ते धरून ठेवलं.

मी दुपटं हातात घेऊन विचारलं, की अनुरागला हे चालतंय का? विभाताई म्हणाली, तो हसला. म्हणाला, या वयात तुला अडुसष्ट वर्षांची मुलगी झाली असं आईला कळवतो.

"आणि बाईंना काय समजणार आहे त्यातलं?"

"समजावलं. आत्याचं माहेर म्हणजे भावाचं घर. भाऊ राहील तिथे माहेर. आता भाऊ त्यांच्या गावात राहायला चाललाय."

"नुसतं या म्हणायचं होतंस. पाहुणी म्हणून."

"म्हटलं ना. दोनदा. पाहुणी म्हणून हो हो करतात आणि येत नाहीत. तुला का माहीत नाही? हक्क दिल्याशिवाय ही बाई बोटीत बसायची नाही."

"आणि मी?"

हे तोंडातून गेलं. विभाताईने माझ्याकडे पाहिलं. तिला कुंचीचं माहीत नव्हतं. मी तिला कळू दिलं नाही.

"तू मावशी. तू माझ्याकडची," ती म्हणाली. "माय मरो पण मावशी उरो म्हणतात. आत्याबद्दल असं कुणी म्हटलंय का?"

मी हसले, कारण तिच्या टाक्यांना अजून ताण सोसत नव्हता आणि मी रडले असते तर ती उठली असती. मावशीचा मान म्हणीत असतो. आत्याचा पाटावर असतो.

बाईंना तयार करायचं काम माझ्याकडेच आलं. मी त्यांना सांगितलं, नाव कानात सांगायचं, मोठ्याने नाही, आणि मग बायका पाठीत धपाटे घालतील ते सोसायचे. का, असं त्यांनी विचारलं. ते मलाही माहीत नव्हतं. त्या अडखळाव्यात अशी माझी फार इच्छा होती. पण यामिनी हे नाव जपानी जिभेला अगदी सोपं आहे. पहिल्याच फटक्यात आलं. मी मृणाल सुचवायला हवं होतं.

बारशाला कपडे वाळत घालायचा स्टीलचा दांडा दोन कपाटांवर टाकून त्याला साडीची झोळी बांधली. वरवंटा निशी-कसाईत कोणाकडेच नव्हता. हातभर लांबीचा जपानी मुळा झबल्यात गुंडाळला आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत झोळीखालून फिरवला. बाईंनी दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून पुढे दिला. कुंची मी मावशीची भेट म्हणून आणली होती. ती कुणी घालायची यावर क्षणभर घोळ झाला, मग स्वप्नाने ती सेकिगुचीबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती बाळाच्या डोक्यावर नीट बसवली. मापात बसली.

स्वप्नाने त्यांना हेही सांगून टाकलं, की आता तुम्ही विभाच्या नणंद लागता.

नणंदेचं काम काय असतं, बाईंनी विचारलं.

"वहिनीबद्दल तक्रार करायची."

"ती मी सुरुवातीलाच केली," बाई म्हणाल्या. "त्यांना कळली नाही."

विभाताईला हे तेव्हा कळलं. तीन वर्षांनी. ती पोट धरून हसली, स्वप्ना हसली, अनुराग भिंतीला टेकला. तो किस्सा ऐकला त्याच दिवशी मला ती तक्रार कळली होती आणि मी कधी बोलले नव्हते, कारण विभाताईला कौतुक वाटलं होतं ते तसंच राहावं असं वाटायचं.

मग बाई झोळीपाशी गुडघे टेकून बसल्या. वाकल्या. त्यांचे ओठ हलले. मी ऐकू येतंय का बघत होते. नाही आलं.

बायकांनी पाठीत धपाटे घातले, पण कसले? म्हातारी बाई, त्यात जपानी, कोण मारणार? दुपट्यावरची धूळ झटकावी तसे हात फिरवले. बाई तशाच वाकून थांबल्या होत्या. त्यांना मी सांगितलं होतं, धपाटे पडतील. त्या अजून वाट बघत होत्या.

"अगं, हे काय गोंजारताय?" विभाताई गादीवरून म्हणाली. "वृंदे, तू घाल. तुझ्याशिवाय व्हायचं नाही हे."

मी घातला. हात पूर्ण मागे नेऊन घातला. खोलीत आवाज घुमला. बाईंचा चष्मा झोळीत पडला, यामिनी दचकून रडायला लागली, आणि शेजारच्या खोलीतून निषाद काय झालं बघायला आला. माझा तळहात झिणझिणत होता.

सेकिगुचीबाई हळूच सरळ झाल्या. चष्मा काढून घेतला, पुसला, घातला. मग माझ्याकडे वळल्या, जमिनीला हात टेकले आणि माझे आभार मानले. पदवी घेताना मानतात तसे.

"मावशीने मारला," विभाताई म्हणाली. "आता पक्कं झालं."

डिसेंबरात ते गेले. विमानतळावर विभाताईच्या पोटाशी बाळ, एका हातात रेवा, दुसऱ्या हातात प्रेशर कुकर, कारण तो सामानात टाकायला तिचा धीर होईना. निषाद बर्फावरून जपानीत बडबडत होता. ती घाबरलेली दिसत नव्हती. मी तिच्या जागी असते तर मला किती काय सुचलं असतं. तिला फक्त कुकरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला काय सांगायचं ते सुचलं.

तिचे फोन येत. खिडकीच्या फटीत ती दूध ठेवते, म्हणजे फ्रिज लागत नाही. शेजारीण बीटाचं सार देते आणि ही तिला आमटी देते. रेवा रशियनमध्ये भांडते. दर वेळी ती म्हणायची, तू ये. मी शिरीषला विचारलं. तो म्हणाला, तिथे बघण्यासारखं काय आहे? मी सांगायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं, की मी सांगते आहे ते सगळं शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

जूनमध्ये सेकिगुचीबाई माझ्या दारात आल्या. वाक्कानाईहून उन्हाळ्यात बोट सुटते, तिचं तिकीट त्यांनी काढलं होतं. व्हिसा अनुरागने करून दिला होता. मी तीनदा आत या म्हटलं तरी त्या चपलांच्या जागेतच उभ्या राहिल्या. त्यांना काही विचारायचं होतं.

"माहेरी गेल्यावर दारात काय म्हणायचं?"

जपानीत परक्याच्या उंबऱ्याशी म्हणतात, की मी तुम्हाला अडथळा आणते आहे. ते म्हणायचं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "सरळ आत जायचं."

"मदत करू का, असं विचारायचं?"

"नाही. चहा मागायचा."

"मागायचा?"

"हो. साखर कमी असली तर सांगायचं."

त्यांनी हे मनात नीट ठेवलेलं दिसलं.

"किती दिवस राहायचं?"

"कंटाळा येईपर्यंत."

"कोणाला?"

"वहिनीला."

त्या हसल्या नाहीत. मान हलवली. मला माझं पुण्याचं घर आठवलं, जिथे मी दीड वर्षात गेले नव्हते आणि जिथे मी नक्की असंच केलं असतं. ही बाई साठ वर्षांनी आपल्या गावी चालली होती, चहा मागायला, माझ्याकडून शिकून.

निघताना त्यांनी विचारलं, की लहानीला काय आवडतं? तुम्हाला माहीत असेल, सगळं तुम्हीच तर केलंत.

मला माहीत होतं. कितीही रडत असली तरी तिच्या डाव्या कानामागून बोट फिरवलं की ती गप्प होते आणि डोळे मिटते. विभाताईलासुद्धा हे माहीत नव्हतं.

"लहान आहे," मी म्हटलं. "अजून काही कळत नाही तिला."

त्यांनी वाकून निरोप घेतला. मी दार लावलं.