चुनेवाले मामा गुहेत

माझ्या मामेसासऱ्यांनी हात लावून पाहिली नाही अशी भिंत आर्वी तालुक्यात उरलेली नाही. चुना-सिमेंटचं दुकान चालवणाऱ्याची नजर भिंतीकडे जाणारच. पण हे कुणाकडेही गेले की चहाआधी भिंतीला नख लावून बघतात. एका लग्नात त्यांनी नवरीच्या वडिलांना गंभीरपणे बाजूला नेलं. मानपानावरून बिनसलं असं समजून आम्ही धावलो, तर मामा सांगत होते, "मांगच्या भिंतीले ओल येऊन राह्यली. काऊन दुर्लक्ष करता?"

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना आणि मामींना बस्तरला, कांगेर नदीच्या खोऱ्यातल्या राखीव जंगलात नेलं. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत एवढं ऐकूनच मामा तयार झाले होते. नदी, धबधबा, सालाची झाडं यांच्याकडे त्यांनी दुसऱ्याच्या दुकानातला माल बघावा तसं बघितलं. गुहेचं तोंड म्हणजे खडकातली एक चीर. गुडघ्यांमुळे मामी बाहेरच दगडावर बसल्या आणि नवऱ्याच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "अवो, तुम्ही नाई मावत त्यात."

एवढं पुरे होतं. मामा शिरले आणि मधोमध अडकले. मागे रांग खोळंबली. वाटाड्या आतून ओरडला, "साँस छोड़िए!"

"सोडली तर भरू कुठी?" मामा गरजले.

मी मागून ढकलत होतो, पण जावयानं ढकलावं इतक्याच बेतानं. शेवटी मामी कडाडल्या, "स्वेटर काढा ना त्याईचं!" मी ओढलं. स्वेटर माझ्या हातात आलं आणि मामा आत गेले.

आत दिव्याच्या उजेडात छतापासून चुनखडीची पांढरीशुभ्र झुंबरं लोंबत होती. मामांचा हात आपसूक वर गेला.

"हाथ मत लगाना, साहब. छूने से बढ़ना रुक जाता है."

मामांनी तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला. "हे वाढून राह्यलं?" पाळण्याजवळ बोलावं तसं त्यांनी मला विचारलं. थेंबाथेंबानं, हजारो वर्षं, मी म्हणालो.

"आन आपण पोत्यानं इकतो," मामा पुटपुटले.

बाहेर येऊन ते मामींशेजारी बसले.

"काय होतं अंदर?" मामींनी विचारलं.

मामा म्हणाले, "तुले दाखवाले पाह्यजे होतं वं. तुहे गुडघे चांगले होते तवाच याले पाह्यजे होतं."

"तवा तुमच्याकून दुकान सुटत नोतं," मामी म्हणाल्या. रागानं नाही, सहज.

मामांनी मान हलवली. खालून नदीचा आवाज येत होता. गाडीवाला दोनदा येऊन गेला, पण त्या दोघांना उठा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.