आपांचं निळं कासव

आपा सिनेमा बघायच्या नाहीत, सांगायच्या. टीव्हीतली माणसं काय बोलतात याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसे. टीव्हीला खेटून वेताच्या मोढ्यावर बसायचं, हातात पुठ्ठ्याचा पंखा धरायचा आणि सुरू व्हायचं. हिरोईन रडायला लागली की म्हणायच्या, “रड आता. कालच सांगितलं व्हतं ना, त्याच्यासंगं जाऊ नको म्हणून.” आणि आम्हा सगळ्यांना खरंच वाटायचं, की आपांनी तिला काल सांगितलं असणार.

आपांचं घर अंबडला आमच्याच गल्लीत, कोपऱ्यावर. नवरा सौदीला कामाला. एका सुट्टीत ते रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन आले. बायकांना टॉकीजला कोण पाठवतंय? मग दुपारची भांडी झाली, पुरुष कामाला गेले, की आपांच्या पुढच्या खोलीत पडदे ओढून सिनेमा लागायचा. कुणी मूठभर शेंगा आणायचं, कुणी नुसतंच यायचं. आपा दोघींनाही तेवढीच जागा द्यायच्या.

माझी शाळा चौथीत सुटली होती. दुपारी धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी आपांच्या दारात उभी राहायची. आत जायची लाज वाटायची. एक दिवस आपा आतूनच ओरडल्या, “अगं, चौकट धरून कायको उभी? पडून राह्यली का ती?” सगळ्या हसल्या. मी पळणार, तेवढ्यात त्यांनी मोढ्याजवळची जागा हाताने झाडली. तेव्हापासून ती जागा माझी.

त्यांच्याकडच्या सगळ्या कॅसेटींमध्ये आमची लाडकी होती ती कासवाची. चित्रांचा सिनेमा. कुठल्या देशाचा, कुठल्या भाषेतला, आम्हाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने तिकडूनच आणलेला. एक कासव आपलं तळं आटतं म्हणून समुद्र शोधायला निघतं. वाटेत सगळे त्याला हसतात. ते चालतच राहतं. कॅसेट इतकी वापरलेली, की चित्राला कडा उरल्या नव्हत्या आणि कासव निळं दिसायचं. मध्येच चित्र नाचायला लागलं, की आपा टीव्हीच्या डोक्यावर एक थापटी मारायच्या, खोडकर पोराला मारावी तशी.

शेवटी कासव एक वाळूची टेकडी चढायला लागतं. आम्ही श्वास रोखून बसायचो. ते वर पोचणार, एवढ्यात खट् आवाज व्हायचा आणि मांडवात बसून बिर्याणी खाणारे पुरुष दिसायला लागायचे. ते आपांच्या दिराचं लग्न होतं. पण आपा एक क्षण न थांबता सांगायच्या, “पोचलं बरं का गं समुद्राला! मंग ही त्याची दावत.” आम्ही टाळ्या वाजवायचो. कासव पोचलं म्हणून एवढी माणसं जेवतात, हे मला पुढं कितीतरी वर्षं खरं वाटत होतं.

मला सासर गल्लीतलंच मिळालं, त्यामुळे आपा सुटल्या नाहीत. एकदा शेवया वळताना त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. नवराबायको दोघं तो सिनेमा बघत होते आणि टेकडीपाशीच लाइट गेली. आपांनी विचारलं, “पोचतं का हो ते?” त्यांनी तिकडं तो पूर्ण बघितला होता. ते हसले आणि म्हणाले, “कल देखना.” दुसऱ्या दिवशी दिराच्या लग्नाची गडबड. शूटिंगवाल्याने कॅसेट मागितली, घाईत हीच हाती आली आणि राहिलेल्या सिनेमावर लग्न उतरलं. सुट्टी संपली, ते परत गेले आणि तिकडंच वारले.

“पोचलं असं मीच सांगते,” आपा म्हणाल्या, “पण मला कुठं माहीत आहे? त्यांनाच माहीत व्हतं.”

माझा मुलगा गणेश जालन्याला टीव्हीच्या दुकानात कामाला आहे. लहानपणापासून हे कासव ऐकत आलेला. दोन वर्षांपूर्वी घरी आला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. “आई, तुझं कासव हेच का?” तेच होतं. त्याने सांगितलं, की त्या देशातल्या लोकांनी सिनेमाची मूळ रिळं काढून, एकेक चित्र पुसून, धुऊन, पुन्हा नवं केलंय. आता ते ‘फोर के’ तबकडीवर मिळतं, अगदी काचेसारखं स्वच्छ. त्याने मागवूनही टाकली होती. मित्राच्या गेम खेळायच्या यंत्रावर ती चालते म्हणे.

मी धावत आपांकडे गेले. वाटलं, नाचतील. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

“न्हाई बघायचं मला.”

“आपा, शेवट आहे त्याच्यात.”

“म्हणून तं न्हाई. गल्लीतल्या सगळ्या लेकरांना पोचलं म्हणून सांगितलं मी. वाटंत मेलं असलं तं?”

गणेश म्हणाला, “मी आधी बघून सांगू का?”

“खबरदार!” आपा कडाडल्या. “त्यांच्यानंतर माझ्याआधी तू बघणार का?”

मला कुणाकडं काही मागता येत नाही. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, “आपा, मला बघायचंय. तुमच्याजवळ बसून.” त्यांनी तांदळाचं ताट खाली ठेवलं.

रविवारी दुपारी गणेशने दुकानमालकाला विचारून भिंतीएवढा टीव्ही टेम्पोतून आणला, मित्राचं ते यंत्रही आणलं. गल्लीतल्या जुन्या पोरी, आता सगळ्या सासवा, पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. चित्र लागलं आणि सगळ्यांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. वाळूचा कण न् कण दिसत होता. कासवाच्या पाठीवर चित्र काढणाऱ्याच्या पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या. पण आपा ताडकन म्हणाल्या, “हे आपलं न्हाई. हे हिरवं आहे. आपलं निळं व्हतं.”

“आपा, तुमचा टीव्ही निळा व्हता,” आमच्यातली शांता मागून म्हणाली.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती. गणेश वाचून सांगायला लागला, “कावळा म्हणतोय, ऊन वाढायच्या आत परत फीर.”

“बिलकुल न्हाई!” आपांनी पंखा आपटला. “तो म्हणून राह्यला, तुझी सासू बोलावती. तू गप बस.” मग काय, आपाच सांगत राहिल्या आणि गणेशही हसत ऐकत राहिला.

टेकडी आली. आपांनी माझा हात धरला. “थांबव,” म्हणाल्या. गणेशने चित्र थांबवलं. कासवाचा एक पाय उचललेलाच राहिला. मग शांता म्हणाली, “आपा, त्याचा पाय अवघडून जाईल की हो.”

आपांनी पदर सारखा केला. “लाव.”

कासव वर चढलं. आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र. आमच्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र कधी पाहिलेला नाही. आम्हाला वाटलं, पाणी खोलीत येतंय. कासव वाळूवरून खाली उतरलं. लाट आली आणि त्याला अलगद उचलून घेऊन गेली. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. शांता तर रडायलाच लागली.

आपा टीव्हीजवळ गेल्या. पाण्यावर कासव लहान लहान होत चाललं होतं, त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं. “त्यांनी हेच बघितलं व्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “आता दोघांचंबी बघून झालं.”

मग काय सुचलं कुणास ठाऊक, पडदा सारून तशाच अनवाणी गल्लीत गेल्या. केळीचा गाडा घेऊन एक म्हातारबाबा चालले होते. आपांनी गाड्याला हात लावून त्यांना थांबवलं.

“पोचलं हो, कासव पोचलं!”

त्या बिचाऱ्यांना कुठलं कासव, कुठं पोचलं, काहीच कळलं नाही. पण आपांचं तोंड बघून त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली आणि म्हणाले, “मुबारक हो आपा, बहुत मुबारक हो.”

“शुक्रिया,” आपा म्हणाल्या.

मागच्या थंडीत आपा गेल्या. पण मला त्या तिथंच दिसतात, भर उन्हात गल्लीच्या मध्ये उभ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला ती बातमी देत आणि मुबारक घेत.